पिंजऱ्यातला पोपट

महाराष्ट्रातल्या घरांत पिंजऱ्यात दिसणारा देशी पोपट बहुतेक वेळा कंठवाला पोपट असतो. त्यालाच राघू किंवा कीर म्हणतात. शास्त्रीय नाव सिटॅक्युला क्रामेरी. त्याहून थोराड, खांद्यावर लाल डाग असलेला करण पोपटही बोलका म्हणून पकडतात. शतकानुशतके घरात राहिला, तरी पोपट काही कोंबडीसारखा माणसाळलेला नाही. चोरून विकले जाणारे देशी पोपट अजूनही प्रामुख्याने झाडाच्या ढोलीतूनच येतात.

पोपट धरण्याची एक जुनी रीत मराठी वाचकाला ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातून ठाऊक असते. फिरत्या नळीवर राघू बसतो, त्याच्या भाराने नळी उलटते, आणि पडू या भीतीने तो नळीच घट्ट धरून लोंबकळत राहतो. आजचा धंदा पिल्लांवर चालतो. मादी हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत ढोलीत तीन-चार अंडी घालते आणि पिल्ले सुमारे सात आठवड्यांनी उडतात. त्याआधीच ती काढली जातात. नराच्या गळ्याचा काळा-गुलाबी कंठ तिसऱ्या वर्षाच्या सुमारास उमटतो. त्यामुळे 'नर आहे, छान बोलेल' म्हणून पिल्लू विकणारा अंदाजानेच बोलत असतो.

पोपट का बोलतो, यातच तो पाळायला अयोग्य का, याचे उत्तर आहे. हा थव्याचा पक्षी. दिवसभर जोडीने किंवा टोळीने चरायचे, संध्याकाळी शेकड्यांनी एकाच झाडावर मुक्कामाला यायचे आणि अंधार पडेपर्यंत कलकलाट करायचा. सोबत्यांचे आवाज ऐकून ते उचलण्याची शक्ती या जगण्यासाठी आहे. रानातला पोपट माणसाची नक्कल करत नाही. एकट्याला पिंजऱ्यात ठेवले की घरची माणसे हाच त्याचा थवा होतो, आणि थव्याची भाषा म्हणून तो 'मिठू मिठू' शिकतो. पाहुण्यांना कौतुक वाटते. तो मात्र साद घालत असतो. घर दिवसभर बंद राहू लागले की काही पोपट किंचाळतात, काही एकाच जागी डोलतात, काही चोचीने छातीची पिसे उपटून उघडे पडतात.

पिंजऱ्याचा आकारही बघावा. पक्षी शेपटीसकट सुमारे ४० सेंमी लांब, त्यातली निम्म्याहून अधिक शेपटीच. घुमटाच्या छोट्या गोल पिंजऱ्यात तो वळला की शेपटी तारांना घासते आणि टोके तुटतात. एकाच जाडीच्या गुळगुळीत दांडीवर वर्षानुवर्षे बसून तळपायांना फोड येतात.

खाण्यात भिजवलेली हरभरा डाळ, पेरूची फोड आणि हिरवी मिरची ठरलेली. मिरचीने जीभ सुटते ही समजूतच. पक्ष्यांना मिरचीचा दाह जाणवत नाही, म्हणून तो ती मजेत खातो, इतकेच. शिवाय त्याचा आवाज जिभेत नव्हे, श्वासनलिकेच्या तळाशी तयार होतो. खरा घात सूर्यफुलाच्या बिया आणि चहात बुडवलेल्या बिस्किटांनी होतो: यकृतात चरबी साठते, अ जीवनसत्त्व कमी पडते. पोपटाच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून माणसाला सिटॅकोसिस हा फुप्फुसांचा आजारही होऊ शकतो. नीट जगला तर पिंजऱ्यातला कंठवाला पोपट वीस-पंचवीस वर्षे काढतो. हौसेने आणणारी शाळकरी मुले तोवर संसाराला लागलेली असतात.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार देशी पोपट पकडणे, विकणे आणि घरात ठेवणे गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीने दंडाची मर्यादा वाढून एक लाख रुपये झाली. तीन वर्षांपर्यंत कैदही होऊ शकते. 'लव्हबर्ड्स' म्हणून विकली जाणारी बजरीगर किंवा कॉकटील ही परदेशी मंडळी वेगळी. त्यांच्याकडे बोट दाखवून राघूही चालतो असे अनेकजण गृहीत धरतात. ते खोटे आहे.

चूक कळल्यावर गच्चीवरून पोपट उडवून देणे ही दुसरी चूक. पिल्लापासून पिंजऱ्यात वाढलेल्याला ना अन्न शोधता येते, ना मांजर आणि शिकरा ओळखता येतो. पंख कापलेले असतील तर कापलेले पीस झडून नवे येईपर्यंत नीट उडताही येत नाही आणि यात महिने जातात. महाराष्ट्रात वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवून तो ताब्यात द्यावा. मोठ्या जाळीघरात इतर पोपटांसोबत ठेवून, पंखांत बळ आल्यावरच अशांना सोडता येते. माणसाला फारच सोकावलेले काही पक्षी कायम जाळीघरातच राहतात.