संगणकाधारित परीक्षा : प्रश्नपत्रिकेचे वितरण व सुरक्षा

प्रश्नपत्रिका संगणकाच्या पडद्यावर दाखवून, उत्तरे तेथेच नोंदवून घेऊन, त्या नोंदी मूल्यमापनासाठी मध्यवर्ती यंत्रणेकडे पाठविण्याची परीक्षापद्धती. घरी बसून कॅमेऱ्याच्या देखरेखीखाली दिल्या जाणाऱ्या परीक्षांचे तंत्र वेगळे असल्याने येथे केंद्रावरील परीक्षांचाच विचार केला आहे.

या पद्धतीचा उगम कोठे मानावा याविषयी एकमत नाही. अनेक लेखक अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९६० च्या सुमारास सुरू झालेल्या 'प्लेटो' या संगणकीय अध्यापन प्रणालीपासून आरंभ धरतात. तथापि प्लेटोचा मुख्य हेतू शिकविणे हा होता. चाचणी हे तिचे एक अंग. ज्या परीक्षेवर परवाना किंवा प्रवेश अवलंबून असतो आणि जिच्यात गोपनीयतेचा प्रश्न खऱ्या अर्थाने उद्भवतो, तिचा विचार केल्यास १९९० चे दशक अधिक महत्त्वाचे ठरते. अमेरिकेतील पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या जीआरई या परीक्षेची अनुकूली, म्हणजे आधीच्या उत्तरानुसार पुढील प्रश्न निवडणारी, आवृत्ती १९९३ मध्ये आली आणि अमेरिकेतील परिचारिकांची परवाना परीक्षा १९९४ मध्ये संगणकावर गेली. त्याच वर्षी कॅप्लान या शिकवणी संस्थेने आपले कर्मचारी जीआरईला बसविले आणि त्यांनी पाठ करून आणलेले प्रश्न एकत्र करून दाखविले. प्रश्नसंग्रह मर्यादित असेल आणि परीक्षा दिवसेंदिवस चालत असेल, तर पेपर न फोडताही तो बाहेर येतो, हे त्यातून उघड झाले. या विषयातील पुढचा बराचसा विचार या एका प्रसंगाभोवती फिरतो.

भारतातील पहिलेपणाचा मानही वादाचा आहे. बिट्स पिलानीच्या 'बिटसॅट'चा (२००५) उल्लेख सर्रास होतो. प्रवेशपरीक्षांपुरता तो ग्राह्य धरता येईल. मात्र मुंबईतील राष्ट्रीय शेअर बाजाराच्या प्रमाणपत्र परीक्षा १९९० च्या दशकाच्या अखेरीपासूनच संगणकावर होत होत्या. व्यवस्थापन शिक्षणाची 'कॅट' २००९ मध्ये संगणकावर गेली आणि पहिल्याच दिवशी अनेक केंद्रांवर विषाणूबाधित संगणकांमुळे विस्कळीत झाली. अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशाची 'गेट' २०१४ पासून, पदवी प्रवेशाच्या जेईई ॲडव्हान्स्ड २०१८ पासून आणि जेईई मेन (वास्तुकलेची चित्रकला चाचणी वगळता) २०१९ पासून पूर्णतः या पद्धतीने होते. महाराष्ट्राची एमएचटी-सीईटीही २०१९ पासून संगणकावर घेतली जाते.

वितरण : बोलीभाषेत 'ऑनलाइन' म्हटली जाणारी ही परीक्षा बहुधा केंद्रातील स्थानिक जाळ्यावर चालते. कूटबद्ध प्रश्नसंच केंद्राच्या सर्व्हरवर आधीच उतरविलेला असतो आणि तो उघडण्याची किल्ली सत्र सुरू होण्याच्या थोडे आधी मिळते. तोपर्यंत संच हाती लागला तरी तो वाचता येत नाही. छापखाना, कोषागार व वाहतूक या पेपरफुटीच्या जुन्या जागा त्यामुळे बाद होतात. किल्ली एकाच अधिकाऱ्याच्या हाती राहू नये यासाठी तिचे अनेक भाग करून ठरावीक संख्येने भाग एकत्र आल्यावरच ती सिद्ध व्हावी, अशी गणिती रीत उपलब्ध आहे. ॲडी शमीर आणि जॉर्ज ब्लॅकली यांनी ती १९७९ मध्ये स्वतंत्रपणे मांडली. परीक्षार्थीचा प्रत्येक प्रतिसाद वेळेसह सर्व्हरवर नोंदला जातो. त्यामुळे संगणक बंद पडल्यास दुसऱ्या संगणकावर तेथूनच पुढे सुरू करता येते आणि नंतर संशयास्पद नोंदी तपासताही येतात. प्रश्नांचा व पर्यायांचा क्रम प्रत्येकासाठी बदलणे ही नक्कल रोखण्याची सर्वांत स्वस्त युक्ती होय.

कूटलेखन पेपरचे रक्षण करते ते वाटेत. परीक्षार्थीपुढे तो उघडावाच लागतो आणि तेथून पुढे सारी भिस्त केंद्रातील यंत्रे व ती हाताळणारी माणसे यांच्यावर असते. जेईई मेन २०२१ च्या प्रकरणात केंद्रीय अन्वेषण विभागाचा आरोप असा की, ठरावीक केंद्रावरील संगणकांचा ताबा दुरून घेऊन बाहेरच्या व्यक्तींनी प्रश्न सोडविले. परीक्षेची संगणकप्रणाली भेदल्याच्या संशयावरून २०२२ मध्ये एका रशियन नागरिकाला ताब्यात घेण्यात आले. येथे पेपर फुटला नव्हता. परीक्षार्थीच्या नावाने दुसराच कोणी उत्तरे देत होता. खासगी संगणक प्रयोगशाळा भाड्याने घेऊन परीक्षा उरकण्याच्या पद्धतीला म्हणूनच काही तज्ज्ञ मूळ दोष मानतात, आणि त्यांचे म्हणणे अधिक पटण्यासारखे आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट-यूजी २०२४ मधील पेपरफुटीच्या वादानंतर 'इस्रो'चे माजी अध्यक्ष के. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने संगणकाधारित परीक्षांचा विस्तार सुचविला. जेथे तो शक्य नाही तेथे प्रश्नपत्रिका केंद्रावर संगणकीय मार्गाने पाठवून उत्तरे कागदावर घेण्याचा मिश्र पर्यायही तिने मांडला.

तोतया उमेदवार रोखण्यासाठी बोटांचे ठसे व छायाचित्र यांची पडताळणी केली जाते.

सामान्यीकरण : संगणकांची संख्या अपुरी असल्याने मोठी परीक्षा अनेक सत्रांत घ्यावी लागते आणि प्रत्येक सत्राला वेगळा पेपर द्यावा लागतो. सुरक्षेसाठी केलेल्या या तडजोडीतून काठिण्यपातळीचा प्रश्न निर्माण होतो : एका सत्राचा पेपर दुसऱ्याहून कठीण असू शकतो. हा फरक भरून काढण्यासाठी सर्व सत्रांचे गुण एका मापावर आणणे म्हणजे सामान्यीकरण. जेईई मेनमध्ये परीक्षार्थीच्या सत्रात त्याच्याइतके किंवा त्याहून कमी गुण मिळविणाऱ्यांची शेकडेवारी काढतात आणि ती सात दशांश स्थळांपर्यंत नेतात. प्रत्येक सत्रातील उमेदवारांची सरासरी कुवत सारखीच असते, हे यामागील गृहीतक. सत्रांतील संख्या मोठी व वाटप यादृच्छिक असेल तरच ते टिकते. गुणांना गुणांच्याच रूपात बदलणारी सूत्रे अधिक वादग्रस्त ठरली आहेत : महाराष्ट्रातील २०२३ च्या तलाठी भरतीत २०० गुणांच्या परीक्षेत काहींचे सामान्यीकृत गुण २०० च्या वर गेले. गणिताच्या दृष्टीने त्यात विसंगती नाही. उमेदवारांना ते पटवून देणे मात्र अवघड गेले.

कायदा : सार्वजनिक परीक्षांतील गैरप्रकारांना आळा घालणारा केंद्रीय कायदा २१ जून २०२४ पासून अंमलात आहे. संगणक जाळ्याशी छेडछाड हा त्यातील गैरप्रकारांपैकी एक. परीक्षेचे काम करणारी सेवापुरवठादार संस्था दोषी ठरल्यास तिला १ कोटी रुपयांपर्यंत दंड होतो, परीक्षेच्या खर्चाचा प्रमाणशीर भाग तिच्याकडून वसूल होतो आणि ४ वर्षे तिला सार्वजनिक परीक्षेचे काम देता येत नाही.