चप्पल निसटते, पण कळत नाही

दापोलीला ‘कॅम्प दापोली’ म्हणणारे लोक अजून आहेत. इंग्रजांच्या काळात तिथे लष्करी ठाणं होतं आणि पेन्शनीत निघालेले शिपाई तिथे घरं करून राहत. सुभेदार रामजी सकपाळ, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांचे वडील, निवृत्तीनंतर कुटुंबासह तिथेच आले. खेड, महाड, मंडणगड या पट्ट्यात आजही फौजेतून आलेला माणूस शोधावा लागत नाही. ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना २००३ पासून सुरू आहे, पॉलिक्लिनिकमध्ये बीपी-शुगरच्या गोळ्या मिळतात. पण हातापायाला मुंग्या यायला लागल्या, की रेफरल घेऊन मुंबई, पुणे नाहीतर कोल्हापूर.

यातल्या बऱ्याच खेपा वाचू शकतात. त्यासाठी गावोगावी न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदू आणि नसांचा तज्ज्ञ, नको, एमडी करणाऱ्या निवासी डॉक्टरला ओपीडीतलं न्यूरॉलॉजी नीट शिकवायला हवं. सध्या तो शिकतो मुख्यतः वॉर्डात. तिथे रुग्ण येतो तोच आडवा: पक्षाघात, मेंदूज्वर, न थांबणारी फिट. ओपीडीतला रुग्ण चालत येतो, आणि निदानाची सुरुवात त्या चालण्यापासूनच होते.

समजा, पासष्टीचे एक निवृत्त हवालदार आलेत. बारा वर्षांचा मधुमेह, त्यावर मेटफॉर्मिनची गोळी चालू. विचारलं तर म्हणतात, “तसं काही नाही डॉक्टर, पाय जरा जड वाटतात.” मग काकू मधेच बोलतात, “जड कसले? ह्यांची चप्पल वाटेत पडते नि ह्यांना पत्ताच नसतो!” या एका वाक्याला एमआरआयपेक्षा जास्त किंमत आहे. कमरेचा एमआरआय काढला तर या वयात एखादी चकती सरकलेली दिसणारच, आणि सगळं खापर तिच्यावर फुटणार.

इथे शिकवणाऱ्याने थांबून पुढचा प्रश्न सुचवायचा: “काका, अंघोळीला तोंडाला साबण लावून डोळे मिटले, की तोल जातो का?” तोल सांभाळायला मेंदूला तीन ठिकाणांहून खबर लागते: डोळे, आतला कान आणि तळपाय. तळपायाची खबर तुटली असेल तर डोळे मिटताच माणूस डुलतो. मग १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क वाजवून पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवायचा. काका म्हणतात, “थांबलं.” डॉक्टरच्या बोटांना मात्र तो अजून थरथरताना जाणवतो. पुढे रिफ्लेक्स, म्हणजे हातोडीने ठोकल्यावर येणारा झटका. निव्वळ मधुमेहाने नसा गेल्या असतील तर ते मंद होतात. गुडघ्याचा झटका उलट जोरात आला आणि तळव्यावर ओरखडा काढताच अंगठा वर गेला, तर दुखणं मज्जारज्जूत आहे. अशा वेळी बी-१२ हे जीवनसत्त्व तपासायलाच हवं.

“पण सर, हे तर रोज बांगडा खातात!” असं निवासी डॉक्टर म्हणणारच. बांगड्यात बी-१२ भरपूर असतं, खरं आहे. पण वर्षानुवर्षांच्या मेटफॉर्मिनने ते आतड्यात शोषलं जाणं कमी होतं. यकृतातला साठा पुरत असतो तोवर काही कळत नाही. साठा संपत आला की नसांवरचं मायलिनचं आवरण, वायरवरच्या प्लास्टिकसारखं, खराब व्हायला लागतं. इंजेक्शन स्वस्त आहे, पण उशीर झाला तर गेलेलं सगळं परत येत नाही.

फौजी माणसाची हिस्ट्री घेणं हे वेगळंच कसब. नोकरीत ‘शेप-वन’, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त श्रेणीत, राहायचं असतं, मेडिकल कॅटेगरी खाली गेली की बढतीवर परिणाम. वीस वर्षं दुखणं लपवलेला माणूस पेन्शनीत आल्यावर एकदम मोकळा होत नाही. म्हणून पोस्टिंग विचारायचं. सियाचीनच्या थंडीने गोठलेल्या बोटांतला बधिरपणा आयुष्यभर टिकू शकतो. तोफखान्यात कान गेलेले असतात. स्फोटाच्या धक्क्यानंतरची डोकेदुखी वर्षानुवर्षं चालते. तिच्यावर महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस वेदनाशामक गोळी घेतली, की पुढे ती गोळीच डोकं दुखवते. दारूचंही विचारायचं, पण काकू बाहेर गेल्यावर.

अमेरिकेत माजी सैनिकांची सरकारी रुग्णालयं १९४६ पासून वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेली आहेत. तिथल्या न्यूरॉलॉजीच्या निवासी डॉक्टरांना ठरलेली साप्ताहिक ओपीडी असते, तेच रुग्ण पुन्हा पुन्हा भेटतात. एएलएस हा स्नायू निकामी करणारा आजार तर तिथे २००८ पासून लष्करी सेवेशी निगडित मानला जातो. म्हणजे “फौजेत होतात का?” या प्रश्नावर रुग्णाचा भत्तासुद्धा ठरतो.

आपल्याकडे एमडीच्या विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा पातळीवर काम करावं लागतं. त्यात आठवड्याची एक दुपार माजी सैनिकांच्या ओपीडीला देणं अवघड नाही. अडचण दुसरीच आहे. बी-१२ सुरू केल्यावर फरक पडला का, हे दिसायलाही साधारण तेवढेच महिने लागतात, आणि काका पुन्हा येतात तेव्हा तो डॉक्टर आपल्या कॉलेजला परतलेला असतो. दुसऱ्या भेटीला त्याला निदान व्हिडिओ कॉलवर बसवावं आणि केसपेपरवरचा शेराही त्यालाच लिहायला लावावा.