टार्मिगन : अधिवास आणि ऋतुमानानुसार आहार

उत्तर गोलार्धातील डोंगराळ टंड्रात (अतिथंड, वृक्षहीन प्रदेशात) बारमाही राहणाऱ्या ग्राउस पक्ष्यांना टार्मिगन म्हणतात. कोंबड्या आणि तित्तिर यांच्याच कुळातील लॅगोपस प्रजातीत ते मोडतात. या ग्रीक नावाचा अर्थ ‘सशाच्या पायाचा’. बोटांपर्यंत पिसांनी झाकलेले पाय पाहिले की नाव पटते. हिवाळ्यात ही पिसे दाट होतात, नखे लांबतात आणि पाऊल भुसभुशीत बर्फात फारसे रुतत नाही.

टंड्रात यांच्या तीन जाती आढळतात. विलो टार्मिगन वृक्षरेषेलगतच्या (जिच्यापलीकडे झाडे वाढत नाहीत त्या सीमेलगतच्या) ओलसर, झुडपी उतारांवर राहतो. रॉक टार्मिगन त्याच्याही वर, दगडधोंड्यांच्या उघड्या माळांवर असतो. स्कॉटलंडमधील केर्नगॉर्म, आइसलँड आणि युरोपातील आल्प्सपासून जपानच्या उंच पर्वतांपर्यंत तो पसरला आहे. सर्वांत लहान श्वेतपुच्छ टार्मिगन फक्त उत्तर अमेरिकेच्या पश्चिम पर्वतरांगांत सापडतो.

हिवाळ्यातील आहार हाच या पक्ष्यांच्या जीवनाचा गाभा. अन्न तेव्हा चिवट आणि निकस असते, पण झुडपे असतील तिथे त्याची वाण नसते. अलास्कात तिन्ही जाती आहेत आणि तिथे झुडपांची जणू वाटणीच झालेली दिसते : विलो टार्मिगन मुख्यतः विलोच्या कळ्या व कोवळ्या डहाळ्या खुडतो, रॉक टार्मिगन बुटक्या भूर्जाच्या कळ्या व नतकणिशे (लोंबते फुलोरे), तर श्वेतपुच्छ आल्डरची नतकणिशे. कोलोरॅडोत मात्र श्वेतपुच्छाचीही भिस्त विलोवरच असते. बर्फ खालच्या फांद्या गाडतो, पण त्याच बर्फाच्या थरावर उभे राहून पक्ष्याची चोच वरच्या कळ्यांना पोचते. सायंकाळी तो अन्नपुट (गळ्याजवळची अन्न साठवणारी पिशवी) कळ्यांनी गच्च भरतो आणि बर्फात बीळ करून आत बसतो. आत बाहेरच्यापेक्षा ऊब असते. रात्रभर पेषणीतले (अन्न दळणाऱ्या स्नायुमय जठरातले) खडे त्या कळ्या दळतात, लांब अंधनालांतील (आतड्याला जोडलेल्या, एका टोकाला बंद नळ्यांतील) जिवाणू तंतूंचे किण्वन करतात, म्हणजे ते आंबवतात. सकाळी बिळात लाकडाच्या भुशाच्या कांड्यांसारखी विष्ठा उरते. केर्नगॉर्मच्या माथ्यांवर अशी झुडपे जवळजवळ नाहीत. तिथे हेदर, बिलबेरी आणि क्रोबेरी या जमिनीलगतच्या खुज्या वनस्पतींच्या कोंबांवर भागवावे लागते.

वसंतात वाऱ्याने उघड्या पडलेल्या जागी हिरवे फुटू लागले की पक्षी तिकडे वळतात. अंडी घालणाऱ्या मादीला ही कोवळी, प्रथिनयुक्त पाने फार मोलाची. उन्हाळ्यात पाने, फुले, बिया असा आहार विस्तारतो. पिल्ले पहिल्या दिवसापासून स्वतः टिपून खातात. सुरुवातीचे काही आठवडे त्यांच्या खाण्यात कीटकांना मोठे स्थान असते. गारठली की ती आईच्या पंखाखाली शिरतात, थोडी ऊब घेतात आणि पुन्हा चरायला निघतात. बिस्टॉर्ट या लहानशा वनस्पतीच्या दांड्यावर वाढणाऱ्या पिष्टमय कंदिका (लहान कंदासारख्या कळ्या) पिल्लांना आणि मोठ्यांनाही प्रिय. शरदात त्यांत क्रोबेरी, बिलबेरी यांच्या फळांची भर पडते.

आर्क्टिकमधील स्वालबार्ड बेटांवरचा रॉक टार्मिगन या साऱ्यांत वेगळा. तिथे उंच झुडपे नाहीत आणि हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य उगवतच नाही. म्हणून तो शरदात अखंड चरतो. नोव्हेंबरच्या सुमारास चरबी त्याच्या वजनाच्या जवळपास ३० टक्क्यांपर्यंत पोचते. अंधारात चरणे थांबत नाही, पण वादळाने चारा झाकला तर हीच शिदोरी कामी येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन परतते, तोवर ती बहुतेक संपलेली असते.