सिस्टीन चॅपल सेंट पीटर्समध्ये नाही

रोमला पहिल्यांदा, तेही तीन-चार दिवसांसाठी जाणाऱ्यांच्या बेतात एक ओळ हमखास असते: ‘सकाळी व्हॅटिकन, दुपारी कलोसियम’. यातलं व्हॅटिकन म्हणजे नेमकं काय, असं विचारलं की उत्तर येतं, तो मोठा चौक, तो घुमट आणि आत छतावर मायकलअँजेलोची चित्रं. घोळ इथेच आहे. घुमट सेंट पीटर्स या चर्चचा आणि चित्रांचं छत सिस्टीन चॅपल या दुसऱ्या इमारतीचं. दोन्हींची दारं वेगळी, रांगा वेगळ्या, बंद असण्याचे वार वेगळे. एकीकडे तिकीट लागतं, दुसरीकडे लागत नाही. चौकात दोन तास उन्हात उभं राहून आत गेल्यावर ‘सिस्टीन चॅपल कुठाय?’ असं विचारलंत, तर तुम्हाला बाहेरचीच वाट दाखवली जाईल.

सेंट पीटर्स बॅसिलिका सगळ्यांच्या ओळखीची आहे. बेर्निनीच्या २८४ खांबांनी वेढलेला चौक, समोर रुंद दर्शनी भाग, वर घुमट. काम सुरू झालं १५०६ साली, वास्तू देवाला अर्पण झाली १६२६ साली. हे चर्च आहे, त्यामुळे प्रवेश फुकट. त्याबद्दल आणखी लिहीत बसत नाही.

व्हॅटिकन म्युझियमचं तसं नाही. पोपच्या राजवाड्यांची दालनं आणि गच्च्या जोडत जोडत ते वाढत गेलं. त्याची सुरुवात १५०६ साली सापडलेल्या लाओकोऊनच्या संगमरवरी शिल्पापासून मानतात. राफाएलने रंगवलेल्या खोल्या इथे आहेत, १२० मीटर लांबीचं नकाशांचं दालन इथे आहे, आणि या सगळ्याच्या शेवटी आहे सिस्टीन चॅपल. सर्वसामान्य पर्यटकाला तिथे न्यायला म्युझियमखेरीज दुसरी वाट नाही. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, एवढं राहू द्या.

गैरसमज होण्याला कारणंही आहेत. मे २०२५मध्ये नवे पोप निवडले गेले तेव्हा आपल्याकडच्या वाहिन्यांवरही तेच दृश्य होतं: चौकात गर्दी, छपरावर छोटंसं धुराडं, त्यातून पांढरा धूर आणि काही वेळाने सज्जात पोप लिओ चौदावे. मतदान झालं सिस्टीन चॅपलमध्ये, धूरही तिथलाच. घोषणा मात्र बॅसिलिकेच्या सज्जातून झाली. कॅमेऱ्याच्या चौकटीत दोन्ही शेजारी शेजारी दिसतात, म्हणून आतूनही एकच असेल असं वाटतं. त्यात मायकलअँजेलोने दोन्हीकडे काम करून ठेवलंय. चॅपलचं छत १५०८ ते १५१२मधलं आणि वेदीमागच्या भिंतीवरचं ‘अंतिम न्याय’ १५३६ ते १५४१मधलं. ही दोन्ही म्युझियमच्या तिकिटावर. येशूचा देह मांडीवर घेतलेल्या मेरीचं शिल्प, म्हणजे ‘पिएता’, आणि घुमटाचा आराखडा बॅसिलिकेत. (घुमट पुरा झालेला त्याने पाहिला नाही. तो गेला १५६४ साली, घुमट झाला १५९०मध्ये.) त्यामुळे ‘मायकलअँजेलो बघायचाय’ एवढंच ठरवून निघालेला माणूस अर्धा मायकलअँजेलो बघून परत येतो.

आता मुख्य मुद्दा, भूगोलाचा. चॅपल आणि बॅसिलिका नकाशावर एकमेकींना जवळजवळ चिकटून आहेत. चॅपल बॅसिलिकेच्या उत्तरेला, हाकेच्या अंतरावर. पण ते राजवाड्याचं प्रार्थनागृह आहे, चर्चचं नव्हे. राजवाड्यात लोकांना घेतात ते म्युझियमच्या दारातून, आणि ते दार व्हॅटिकनच्या तटबंदीच्या उत्तर बाजूला, व्हिआले व्हातिकानो या रस्त्यावर उघडतं. बॅसिलिकेचं दार पूर्वेला, चौकात. चौकातून म्युझियमच्या दाराशी जायचं तर बॅसिलिकेकडे तोंड करून उजवीकडच्या खांबांतून बाहेर पडायचं, पोर्ता आन्जेलिका रस्त्याने रिसॉर्जिमेंतो चौकात यायचं आणि तिथून तट डाव्या हाताला ठेवून चालत राहायचं. अंतर साधारण एक किलोमीटर, शेवटचा टप्पा चढाचा. धडधाकट माणसाला पंधरा मिनिटं, आजी-आजोबा बरोबर असतील तर पंचवीस धरा. आत शिरल्यावर दालनांमधून चॅपलपर्यंत पोहोचायला, कुठेही न रेंगाळता, अर्धा तास सहज जातो, कारण वाट बहुतेक एकेरी आहे आणि गर्दी तुम्हाला तिच्या वेगाने नेते. म्हणजे भिंतीपलीकडची जागा तुमच्यापासून पाऊण-एक तास लांब असते. विठ्ठलाच्या देवळात मुखदर्शनाची रांग आणि पदस्पर्शदर्शनाची रांग वेगळी असते, तसंच हे. चुकीच्या रांगेत कितीही भक्तिभावाने उभं राहिलात तरी ती आपल्या जागीच नेणार.

म्हणून फोनच्या नकाशात नुसतं ‘व्हॅटिकन’ टाकू नका. ते तुम्हाला बहुधा चौकात नेऊन सोडेल. ज्या दिवशी म्युझियमचं तिकीट असेल त्या दिवशी म्युझियमचं प्रवेशद्वार शोधून तेच टाका. मेट्रोची ए लाइन, तेर्मिनी या रोमच्या मुख्य रेल्वे स्टेशनहून बात्तिस्तिनीच्या दिशेची गाडी. सहावं स्टेशन ओत्ताविआनो, सातवं चिप्रो. म्युझियमला दोन्ही चालतात, बॅसिलिकेला ओत्ताविआनो.

आता त्या प्रसिद्ध मागच्या दाराविषयी. सिस्टीन चॅपलमध्ये वेदीकडे पाठ करून उभे राहिलात की समोरच्या भिंतीशी, उजव्या कोपऱ्यात एक दार दिसतं. ते थेट बॅसिलिकेकडे उतरतं. ते अस्तित्वात आहे, पण अधिकृत गाइडबरोबरच्या गटांसाठी. एकट्याने आलेल्यांचा रस्ता डावीकडून परत म्युझियममध्ये जातो. दुसऱ्या कुणाच्या गटात मिसळून सरका असा सल्ला इंटरनेटवर दर दुसऱ्या पानावर सापडतो, आणि तो वाचून मला चीड येते. रखवालदाराने अडवलं तर तुम्ही गेलात, काही समारंभ असला की ते दार बंद, आणि तुमचा पुढचा सगळा दिवस त्या एका दारावर टांगलेला. शिवाय म्युझियमच्या क्लोकरूममध्ये बॅग ठेवली असेल किंवा ऑडिओ गाइड घेतला असेल, तर तो परत करायला तोच एक किलोमीटर तटाच्या कडेने चालत जावं लागेल. वाचवलेला वेळ असा व्याजासकट परत जातो. वेळापत्रक आखताना ते दार नाहीच असं धरा. गाइडच्या गटाबरोबर गेलात आणि उघडं मिळालं, तर फायदा समजा.

तिकिटाचं गणित यावरून आपोआप सुटतं. म्युझियमला ठरावीक वेळेचं तिकीट लागतं: प्रौढांसाठी २० युरो, अधिक ऑनलाइन आरक्षणाचे ५ युरो. हे ५ युरो वाचवायला दारावरच्या रांगेत उभं राहण्याइतकी खुळी काटकसर दुसरी नाही. तिकिटं सुमारे दोन महिने आधी खुली होतात. मे-जूनमधल्या सकाळच्या वेळा पटापट संपतात. व्हिसा हातात आल्यावर बघू म्हणणारे मग दलालांकडून दुप्पट भावाने घेतात. विकत घ्यायचं ते व्हॅटिकन म्युझियमच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून. शोधात वर येणारी बरीचशी पानं दलालांची असतात आणि दिसायला अगदी अधिकृत. खात्री पत्त्यावरून करायची: व्हॅटिकनचे पत्ते ‘डॉट व्हीए’ने संपतात.

बॅसिलिकेला प्रवेशशुल्क नाही. तिच्या नावाने विकलं जातं ते ऑडिओ गाइड, गाइडची सोबत किंवा वेळेचं आरक्षण. आणि ‘स्किप द लाइन’ काहीही छापलेलं असो, विमानतळासारखी सुरक्षातपासणी दोन्हीकडे कुणालाच चुकत नाही. ओत्ताविआनो स्टेशनच्या बाहेर गळ्यात ओळखपत्र अडकवलेली माणसं ‘चर्च आज बंद आहे’ किंवा ‘तिकिटाशिवाय सोडत नाहीत’ असं आत्मविश्वासाने सांगतात. थांबूच नका.

वारांकडे मात्र नीट पाहा. म्युझियम रविवारी बंद. अपवाद महिन्याच्या शेवटच्या रविवारचा: सकाळी ९ ते दुपारी २, शेवटचा प्रवेश साडेबाराला, फुकट. फुकट म्हणून जाऊ नका, त्या दिवशीची रांग बघून उपरती होते. १ मे, २९ जून आणि १५ ऑगस्ट हे तीन दिवसही बंद असतात. आपल्या सुट्ट्या जुळवून जाणारे यात नेमके सापडतात. बॅसिलिकेचा अडचणीचा वार बुधवार. पोप रोममध्ये असले की बुधवारी सकाळी चौकात त्यांची सार्वजनिक भेट असते, तोवर बॅसिलिका पर्यटकांना बंद. त्याच बुधवारी म्युझियम व्यवस्थित उघडं असतं. रविवारी दुपारी १२ वाजता पोप खिडकीतून प्रार्थना म्हणतात तेव्हा चौक भरून जातो. ते ऐकायचं असेल तर जरूर जा, पण त्याच वेळी झटपट चर्च बघून घेऊ असं मनात आणू नका.

क्रम कोणता? माझं मत पक्कं आहे: आधी बॅसिलिका, तीही सकाळी ७ वाजता, दार उघडताना. तेव्हा तपासणीची रांग दहा-पंधरा मिनिटांची असते, दहा वाजता तीच चौकाला वळसा घालते. साडेसातला घुमट उघडतो. तो करायचा असेल तर चर्च बघण्याआधी करा, कारण उतरल्यावर वाट बहुधा चर्चच्या आतच आणून सोडते. घुमटाचं तिकीट वेगळं. पायऱ्या ५५१, लिफ्ट घेतलीत तर उरतात ३२०. ‘लिफ्ट आहे’ एवढंच ऐकून गुडघेदुखीवाल्यांना घेऊन जाणाऱ्यांनी हा आकडा पुन्हा वाचावा. वरचा जिना घुमटाच्या दोन कवचांमधून जातो, भिंत अंगावर झुकलेली, वाट एका माणसापुरती, आणि मध्येच मागे फिरता येत नाही. मग चर्च. पिएता आत शिरल्याबरोबर उजवीकडे, काचेमागे. १९७२ साली एकाने हातोड्याने तिचं नाक आणि हात फोडले, तेव्हापासून ती काच आहे. तळघरातल्या पोपच्या समाध्या शेवटी बघा, तिथून बहुतेक वेळा बाहेरच काढतात. साडेनऊला कॉफी, मग तटाच्या कडेने चालत जाऊन साडेदहाचं म्युझियमचं तिकीट. बुधवारी हाच क्रम उलटा: सकाळी आठचं म्युझियम, दुपारनंतर बॅसिलिका.

म्युझियम आधी करण्याचा सल्ला देणारे म्हणतात की आठच्या तिकिटावर चॅपल रिकामं मिळतं. मिळतं, पण दहा-पंधरा मिनिटंच आणि तेही बाकी सगळं मागे टाकत पळालात तर. पहिल्या भेटीत राफाएलच्या खोल्या पळत पार करणं मला पटत नाही. नकाशांच्या दालनानंतर एका ठिकाणी थेट चॅपलकडे नेणारा फाटा लागतो. पाट्या वाचा आणि राफाएलचीच वाट धरा, त्याचं प्रसिद्ध चित्र ‘स्कूल ऑफ अथेन्स’ तिथे आहे. चित्रदालन, म्हणजे पिनाकोतेका, प्रवेशाजवळ वेगळ्या इमारतीत आहे आणि बहुतेक लोक त्याकडे वळतही नाहीत. कॅरावॅज्जोचं ‘येशूचं दफन’ तिथे निवांत बघता येतं. ते आधीच उरका, चॅपलनंतर पायांत त्राण राहत नाही.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. खांदे आणि गुडघे दोन्हीकडे झाकलेले हवेत; ओढणी बरोबर असली की प्रश्न मिटतो. चप्पल-बूट काढायचे नाहीत, पुरुषांनी टोपी मात्र चर्चमध्ये काढायची. फोटो दोन्हीकडे फ्लॅशशिवाय चालतात, सिस्टीन चॅपलमध्ये अजिबात नाही. व्हॅटिकन वेगळा देश असला तरी वेगळा व्हिसा किंवा पासपोर्टवर शिक्का असलं काही नाही.

टूर कंपनीबरोबर जाणार असाल तर माहितीपत्रक पैसे भरण्याआधी वाचा. ‘व्हॅटिकन सिटी भेट’ असं लिहिलेलं असतं तेव्हा पुष्कळदा चौक आणि बॅसिलिका एवढंच अभिप्रेत असतं, आणि ‘बाहेरून दर्शन’ असेल तर नुसता चौक. ‘व्हॅटिकन म्युझियम व सिस्टीन चॅपल, प्रवेशशुल्कासह’ असे शब्द छापलेले दिसले नाहीत तर विचारा आणि उत्तर लेखी मागा. समाविष्ट नसेल तर रोममधली मोकळी दुपार कोणती ते बघून आपलं तिकीट आपण काढा. फक्त ती दुपार रविवारची नाही ना, हे आधी तपासा.