जळजळ थांबली म्हणजे संसर्ग गेला?

नाशिकरोडपासून सिडकोपर्यंत फोनवर फिरणारा जुना मेसेज: ‘लघवीची जळजळ थांबली की समजा, प्रतिकारशक्तीने गुप्तरोग बरा केला.’

हे अर्धंच खरं. क्लॅमिडिया हा लैंगिक संबंधातून पसरणारा जंतू पेशीत शिरला की टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) इंटरफेरॉन-गॅमा हा निरोप्या रेणू सोडतात. निरोप मिळताच पेशी आपल्यातलं ट्रिप्टोफॅन, म्हणजे जंतूला वाढीसाठी लागणारं अमिनो आम्ल, मोडून टाकते. जंतूची रसद तुटते. पण तो मरतोच असं नाही. वाढ थांबवून दबा धरतो, आणि योनीतल्या इतर जिवाणूंनी बनवलेल्या इंडोल या रसायनापासून ट्रिप्टोफॅन पुन्हा घडवतो. भलताच चिवट! त्रास मात्र तोवर शमलेला असू शकतो.

खात्रीसाठी पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी) चाचणी मागा. नेहमीच्या लघवी कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) हा जंतू दिसत नाही, कारण तो जिवंत पेशीतच वाढतो. तासभर लघवी रोखून पहिल्या धारेची २०-३० मिली द्यावी. मधल्या धारेची दिली तर जंतू निसटू शकतो. स्त्रियांसाठी योनीचा स्वॅब अधिक भरवशाचा.