एकच खाडी, अनेक अनुभवविश्वे

ओहोटी लागली की ऐरोलीच्या बाजूला ठाणे खाडीची चिखलपट्टी उघडी पडते आणि रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे थवे तेथे उतरून, मान खाली घालून व चोच उलटी धरून, पाण्यातले सूक्ष्म शेवाळ गाळून खाऊ लागतात. पुलावरून जाणाऱ्याला तो गुलाबी पट्टा दिसतो, तर कोळी तीच खाडी तिथीवरून ओळखतो, कारण उधाण (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती) आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) यांवर त्याचे जाळे अवलंबून असते. पक्ष्याला ती कशी दिसत असेल, हे आपल्या रंगांच्या नावांत सांगताच येणार नाही. रंग ओळखणाऱ्या शंकू पेशी आपल्या डोळ्यांत तीन प्रकारच्या असतात, बहुतेक पक्ष्यांच्या डोळ्यांत मात्र चार प्रकारच्या. प्रत्येक प्राणी आपल्या इंद्रियांनी घडवलेल्या अनुभवविश्वात जगतो, ही कल्पना जीवशास्त्रज्ञ याकोब फॉन उक्सक्यूल यांनी १९०९ मध्ये मांडली.

माणसाची जाणीवही अशीच घडवलेली असते, आणि याची खात्री घरबसल्या करता येते. दोन्ही हात समोर ताणून अंगठे शेजारी उभे धरावेत, डावा डोळा मिटावा आणि उजव्या डोळ्याने डाव्या अंगठ्याकडे टक लावून उजवा अंगठा हळूहळू उजवीकडे न्यावा. वीतभराच्या आतच त्याचे टोक नाहीसे होते. डोळ्यातून मेंदूकडे जाणारी दृष्टिचेता जेथून बाहेर पडते, तेथे दृष्टिपटलावर प्रकाशग्राही पेशी नसतात. तरीही तेथे काळे भोक दिसत नाही, कारण मेंदू आजूबाजूच्या माहितीवरून ती जागा भरून काढतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच दृष्टीला नकळत काढलेले अनुमान म्हटले होते.

लक्षाचेही तसेच आहे. मानसशास्त्रज्ञ सायमन्स आणि चाब्री यांच्या १९९९ मधील प्रयोगात चेंडूचे झेल मोजण्यात गुंतलेल्या जवळजवळ निम्म्या लोकांना खेळाडूंमधून चालत गेलेला गोरिलाच्या वेशातील माणूस दिसलाच नाही. मेंदूतील हालचालींबरोबर अनुभव का उमटतो, या प्रश्नाला तत्त्वज्ञ डेव्हिड चामर्स यांनी १९९५ मध्ये ‘कठीण प्रश्न’ म्हटले आणि तो आजही सुटलेला नाही.

नवी मुंबईत पाणथळ जागांवरून वाद होतात, तेव्हा समोरच्याला कळत नाही असे दोन्ही बाजूंना वाटते. माझ्या मते अनेकदा त्याचे लक्ष वेगळ्या गोष्टीवर असते एवढेच. खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर क्षेत्राचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, परंतु भरतीच्या वेळी पक्षी नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळींवर विसावतात आणि त्या जागाही तितक्याच मोलाच्या आहेत. तेथील रस्त्यावरचा प्रखर दिवा आपल्याला सुरक्षितता वाटतो, पण रात्री उडणाऱ्या पक्ष्यांची दिशा कृत्रिम प्रकाशाने चुकू शकते. दिव्याला वरून व पाण्याच्या बाजूने आडोसा केला, तर रस्ता उजळतो आणि पाणी अंधारात राहते. दिव्यांची आखणी करताना अभियंत्याच्या नकाशाशेजारी कोळ्यांचे भरतीचे गणित आणि पक्षिनिरीक्षकांच्या नोंदी ठेवल्या, तर कोणत्या रात्री कोणत्या पाणथळीवर थवे असतील याचा अंदाज आधीच बांधता येतो.