मॉडिफायर २५

अमेरिकेतील वैद्यकीय बिलिंगमध्ये तपासणीच्या कोडला जोडला जाणारा दोन अंकी प्रत्यय. एकाच डॉक्टरने एकाच दिवशी छोटी प्रक्रिया केली आणि त्याखेरीज स्वतंत्र दखल घ्यावी अशी तपासणीही केली, हे त्यातून विमा कंपनीला कळवले जाते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या सीपीटी या कोडसंचाचा (पहिली आवृत्ती १९६६) तो भाग आहे. त्वचारोगतज्ज्ञांकडे त्याचा वापर रोजचा आणि त्यावरून होणारे वादही रोजचेच.

वादाचे मूळ दरात आहे. चामखीळ गोठवणे किंवा बायॉप्सी यांच्या दरातच आधीची जुजबी तपासणी आणि ‘हे काढून टाकू’ हा निर्णय धरलेला असतो. त्यामुळे रुग्ण एक तीळ दाखवायला आला, डॉक्टरने पाहून लगेच वरवरची बायॉप्सी घेतली, तर बिल फक्त १११०२ या बायॉप्सीच्या कोडचे. रुग्ण नवीन आहे एवढ्यावर तपासणीचे पैसे वेगळे मागता येत नाहीत. नवख्या कोडरचा (नोंदी वाचून बिलाचे कोड ठरवणाऱ्याचा) पाय हमखास इथेच घसरतो. ९० दिवसांची देखभाल दरातच धरलेली असते अशा मोठ्या शस्त्रक्रियेचा निर्णय आदल्या किंवा त्याच दिवशीच्या तपासणीत झाला, तर २५ नव्हे, ५७ हा प्रत्यय लावतात.

आता दुसरा रुग्ण घ्या. टकलावरचे तीन कर्कपूर्व खरखरीत चट्टे द्रव नायट्रोजनने गोठवले: पहिल्या चट्ट्यासाठी १७००० एकदा, उरलेल्या दोनांसाठी १७००३ दोनदा. त्याच भेटीत कोपरावरचा सोरायसिस आटोक्यात नाही असे दिसले आणि औषध बदलून दिले. या कामासाठी ९९२१४ हा तपासणीचा कोड आणि त्याला २५. प्रत्यय तपासणीला लागतो, प्रक्रियेला नाही. दोन निदाने वेगळी असली तर पटवणे सोपे जाते, पण नियमाने ती वेगळी असावीच लागतात असे नाही.

कोडर एक साधी युक्ती वापरतात: डॉक्टरांच्या नोंदीतला प्रक्रियेविषयीचा सगळा मजकूर मनातल्या मनात खोडायचा आणि उरलेल्यात एक पूर्ण तपासणी दिसते का ते पाहायचे. प्रत्येक रुग्णाच्या नोंदीत कॉपी-पेस्ट केलेले ‘संपूर्ण त्वचा तपासली’ हे वाक्य उरले, तर ऑडिटमध्ये ते टिकत नाही.

गैरवापराची शंका निराधार नाही. अमेरिकी आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांच्या २००५ च्या अहवालानुसार मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याने २००२ मध्ये मंजूर केलेल्या अशा दाव्यांपैकी ३५ टक्के नियमांत बसत नव्हते. चुकीने दिलेली रक्कम ५३.८ कोटी डॉलर. मात्र सरसकट कपात हा उपाय न्याय्य म्हणता येत नाही. अँथम या विमा कंपनीने तपासणीची रक्कम निम्मी करण्याचे जाहीर केले, मग कपात २५ टक्क्यांवर आणली आणि डॉक्टरांच्या संघटनांच्या विरोधानंतर २०१८ मध्ये तीही मागे घेतली.

या कोडिंगचे बरेच काम भारतात, पुण्या-मुंबईतही, होते. नाकारलेल्या दाव्यांचा पाठपुरावा करणारे एआर कॉलर अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे रात्रपाळी करतात. तिकडे रुग्णाला मात्र एकाच भेटीच्या बिलावर दोन ओळी दिसतात आणि डिडक्टिबल (विमा लागू होण्याआधी रुग्णाने वर्षाला स्वतः भरायची रक्कम) भरून झालेले नसेल तर दोन्हींचे पैसे त्याच्याच खिशातून जाऊ शकतात.